खडकापाशी

फार वर्षं झाली. एका माळावर शेळ्या आणि मेंढ्या एकत्रच चरायच्या. माळाच्या मधोमध एक उंच काळा खडक होता. दिवस कलला की शेळ्यांची करडं त्यावर चढाओढीनं उड्या मारायची. मेंढ्यांची कोकरं मात्र आयांच्या पोटाशी उभी राहून बघायची.

एके दिवशी गोदी मेंढीची लेक कापशी म्हणाली, "आये, मीपण जाऊ?"

गोदी दचकली. "आपल्यात कुणी खडकावर चढत नाही गं. त्यात तू पोरगी. कळप काय म्हणेल?"

कापशी तरीही गेली. तिसऱ्याच उडीला घसरून धपकन खाली पडली. करडं खिदळली, "मेंढ्यांना कुठं जमतंय!" म्हाताऱ्या मेंढ्याही म्हणाल्या, "बघ गोदे, म्हणून आपण नाही जात."

गोदी धावली. लेकीला परत न्यायचं, हेच तिच्या मनात होतं. तेवढ्यात एक करडूही वरून घसरलं आणि कापशीशेजारी आपटलं. त्याच्या आईनं नुसती मान वर केली, "ऊठ, चढ परत," म्हणाली आणि पुन्हा चरायला लागली.

गोदी क्षणभर बघतच राहिली. मग तिनं कापशीच्या अंगावरची माती चाटली आणि हळूच म्हणाली, "पुढचा पाय आधी नीट रोव. मी इथंच आहे."

त्या दिवशी कापशी निम्म्यापर्यंत चढली.

दुसऱ्या दिवशी चार मेंढ्या आपापली कोकरं घेऊन खडकापाशी चरायला आल्या. तिथं गवताची काडीही नव्हती.