उत्तियाने बुडवलेली नौका

पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने गंगेकाठच्या एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव उत्तिय. मिसरूड फुटण्याआधीच तो काठाकाठाने चालत लोकांच्या नौकांचे दोर ओढू लागला. पुढे हाती वल्हे आले, मग सुकाणू. वाराणसीपासून चंपेपर्यंत त्याने काय काय नेले! मीठ नेले, वऱ्हाडे नेली, एकदा तर राजाचा माजलेला हत्तीही नेला. त्याच्या हातून एकही नौका बुडाली नाही. लोक म्हणत, उत्तियाला गंगा पाठ आहे. तो हसून म्हणे, "पाठ होईल ती नदी कसली? दर पुरात ती आपली वाट बदलते. मी आपला दरसाल तिला नव्याने विचारतो."

आणि खरोखरच, पूर ओसरला की तो लहान होडीत बसून, बांबूने तळ चाचपत सगळी वाट पुन्हा शिके. केस पांढरे झाले तरी त्यात खंड पडला नाही. इतके जाणणारा माणूस दरवर्षी नव्याने शिकाऊ होतो, याचे फार नवल वाटते.

जन्मभर दुसऱ्यांच्या नौका हाकल्यावर म्हातारपणी त्याने स्वतःची नौका बांधली. सगळी पुंजी तिच्यात गेली. गंगेवर तेवढी मोठी दुसरी नौका नव्हती. त्याच सुमारास राजाने दवंडी पिटवली, "आम्हाला समुद्रापर्यंत नेण्याजोगी नौका ज्याची असेल, तो आमचा नौकाध्यक्ष होईल." पौर्णिमेला नौका घाटावर दाखवायच्या होत्या. उत्तियापुढे कोण टिकणार? तो भर पुरातच वाराणसीकडे निघाला. सुकाणूवर त्याचा भाचा रोहक होता.

वाटेत एका वळणावर बुरुडांचे गाव लागले. पुराची धार थेट गावाच्या काठावर आदळत होती, आणि काठ ढेपाळून पाण्यात पडत होता. दोन आळ्या गेल्या होत्या. गावामागच्या सखल रानातही पाणी भरले होते, त्यामुळे पळायला वाट नव्हती. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारे काही नावाडी आधीच येऊन गेले होते. ज्यांच्या अंगावर दागिने होते तेवढ्यांना त्यांनी नेले. उरलेले लोक गाठोडी घेऊन उभे होते. उत्तियाची नौका काठाला लागताच सामा नावाची म्हातारी बुरुडीण पुढे आली.

"नावाडीबाबा, लेकरांना तरी ने रे."

रोहक हळूच म्हणाला, "मामा, बसतील तेवढे घेऊ आणि निघू. पौर्णिमा चुकेल."

उत्तियाने काठाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. नौकेत गावाचा जेमतेम चौथा हिस्सा मावला असता. परत येईपर्यंत बाकीचे गाव उरले नसते.

तो मोठ्याने म्हणाला, "गाठोडी खाली ठेवा. घरातली जाती, पाटे, उखळं, जेवढा म्हणून दगड असेल तेवढा आणून नौकेत भरा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. "साठी बुद्धी नाठी," कोणीतरी पुटपुटले. रोहकाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, कारण त्याला कळले होते.

"मामा, जन्माची कमाई आहे ही!"

"रोहका, बुडालेली नौका पाहिलीस की आपण काय करतो?"

"लांबून जातो. तिच्यापाशी धार वळते, आणि आड वाळू साचते."

"आपण जिला जन्मभर भ्यालो, ती आज गावाच्या कामी येऊ दे."

सामाने सर्वांत आधी आपले जाते डोक्यावर घेतले. मग सारे गाव धावले. नौका काठोकाठ दबली तेव्हा उत्तियाने सगळ्यांना उतरवले, कमरेला दोर बांधून दुसरे टोक रोहकाच्या हाती दिले, आणि एकटाच सुकाणूवर बसला. वळणाच्या तोंडाशी, जिथे धार काठाकडे वळत होती, तिथे त्याने नौका तिरकी घातली. मग वाकून नव्याकोऱ्या तळावर कुऱ्हाडीचे घाव घातले.

नौका बसली. पाणी तिच्यावर चवताळून उसळले, क्षणभर थबकले, आणि एवढी मोठी गंगा वळून मधल्या पात्रात निघून गेली. रोहकाने दोर ओढून म्हाताऱ्याला बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत काठाचे एक ढेकूळही पडले नाही.

नौकाध्यक्षपद दुसऱ्याला मिळाले. हिवाळ्यात राजा त्या वाटेने समुद्राकडे निघाला, तेव्हा काठावर बुरुडांबरोबर बांबू सोलणारा उत्तिय त्याला दिसला.

"उत्तिया, तुझी नौका कुठे?"

"महाराज, ती या गावाला लागली."

सामाने पुढे होऊन सारे सांगितले. राजाने वाळूच्या नव्या बेटाकडे पाहिले, बेटाआडच्या गावाकडे पाहिले. तो उतरला, आणि त्या म्हाताऱ्यापुढे त्याचे मस्तक आपोआप लवले.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे सारिपुत्र, दोर धरणारा रोहक म्हणजे आनंद, सामा म्हणजे महाप्रजापती, आणि उत्तिय मीच होतो. काठावर जाती घेऊन धावलेले ते गाव म्हणजे आज माझ्यासमोर बसलेले तुम्ही सर्व. त्या दिवशी मी एकट्याने दिले असते, तर नौका रिकामीच वाहून गेली असती. दानाच्या या पूर्णत्वाला दानपारमिता म्हणतात."