गप्प केलेलं यंत्र

नदीकाठच्या एका गावात लाकूड कापायची गिरणी होती. तिथले वृद्ध मिस्त्री हाताने कुशल आणि जिभेने जहाल. त्यांच्या हाताखाली उदय नावाचा एक तरुण काम शिकत होता, आणि करवतीवर जानू उभा राहत असे. जानूला एकच डोळा. दुसरा गेला एका खिळ्यापायी. आंब्याच्या ओंडक्यात कधीकाळी कुणीतरी ठोकलेला तो खिळा पात्याला लागला, पातं तुटलं आणि त्याचा तुकडा सरळ डोळ्यात शिरला. झाड दिसलं की खिळा ठोकायचा, ही आपल्याला काय हौस आहे देव जाणे! दुकानाची पाटी ठोका, कपडे वाळवायची तार ठोका, कुणाची बाधा उतरवायची म्हणून ठोका. झाड बिचारं वरून साल चढवून घेतं आणि सगळं पोटात ठेवतं.

त्या अपघातानंतर गिरणीत हाती धरायचा मेटल डिटेक्टर आला. त्याच्या मुठीपाशी एक बटण होतं. उजवीकडे फिरवलं की यंत्राचा कान तिखट व्हायचा, डावीकडे फिरवलं की मंद. आधी हातातलं कडं आणि घड्याळ काढून ठेवायचं, ओंडका जमिनीवरच्या लाकडी ठोकळ्यांवर घ्यायचा, यंत्र लाकडाच्या अगदी जवळून सावकाश फिरवायचं, मग ओंडका उलटवून पुन्हा तेच करायचं. हे काम उदयकडे होतं. त्याने ‘साफ आहे’ म्हटल्याशिवाय जानू करवत सुरू करत नसे.

एके दिवशी सकाळीच एक व्यापारी फणसाचा भलामोठा ओंडका घेऊन आला. बाजाराच्या तिठ्यावरचं जुनं झाड होतं ते. दुपारच्या आत फळ्या हव्यात म्हणून त्याने नुसता धोशा लावला. घाईघाईत ओंडका ठोकळ्यांवर न घेता थेट करवतीच्या लोखंडी गाड्यावरच चढवला गेला. उदयने यंत्र चालू केलं मात्र, ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना.

“काय रे, अख्खा ओंडका लोखंडाचा आहे की काय?” व्यापारी हसला.

उदय कानकोंडा झाला. हा आवाज गाड्याच्या लोखंडाचा असणार, हे त्याला कळत होतं. ओंडका खाली उतरवायला हवा, हेही कळत होतं. पण कालच मिस्त्री सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसले होते, “सारखं काय विचारतोस? देवानं डोकं दिलंय ना?” तेव्हा पोराने डोकं चालवलं. यंत्र गप्प होईपर्यंत बटण डावीकडे फिरवलं, आणि मग अगदी नेमाने सगळा ओंडका तपासला. कुठेही आवाज झाला नाही.

“साफ ना रे?” जानूने विचारलं.

“साफ आहे, जानूदादा.”

करवत सुरू झाली. गाडा पात्याकडे सरकू लागला. उदयची नजर लाकडावर नव्हती, ती जानूच्या त्या एका डोळ्यावर खिळली होती. ओरडावं असं त्याला फार वाटत होतं, पण त्याने यंत्राची मूठ तेवढी घट्ट आवळून धरली.

तेवढ्यात मिस्त्री बाहेर आले. त्यांनी गाड्यावरचा ओंडका पाहिला, मग उदयचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “जानू, बंद कर!”

करवत थांबली. मिस्त्रींनी हातोडा उचलला, एक कोरा खिळा घेतला आणि त्या धडधाकट ओंडक्यात अर्धा ठोकला.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” व्यापारी कडाडला. “चांगल्या लाकडाची वाट लावताय!”

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उदयला म्हणाले, “आता फिरव यंत्र.”

उदयने यंत्र खिळ्यावरून फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाही. उघड्या डोळ्यांना दिसणारा खिळा समोर होता आणि यंत्र ढिम्म होतं.

“ज्याला माहीत असलेला खिळा सांगता येत नाही,” मिस्त्री म्हणाले, “त्याने माहीत नसलेल्या खिळ्याची ग्वाही कशी द्यायची? अरे, गप्प बसणारा दर वेळी निर्धास्त असतो असं नाही. याला गप्प तू केलंस, आणि मग त्याच्याच मौनाची साक्ष काढून मोकळा झालास!”

ओंडका खाली ठोकळ्यांवर घेतला. बटण पुन्हा उजवीकडे गेलं, यंत्र खिळ्यावर खणखणीत वाजलं, मग तो खिळा उपटून काढला. तपासणी पहिल्यापासून सुरू झाली. मधोमध, जिथे साल अगदी गुळगुळीत होती, तिथे यंत्र किंचाळलं. छिन्नीने खोदलं तेव्हा आतून बोटाएवढा जाड, गंजलेला खिळा निघाला. जानूने तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. व्यापाऱ्याची घाई कुठल्या कुठे पळाली होती.

“मला शंका होती,” उदय रडवेला होऊन म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही परत ओरडाल म्हणून.”

मिस्त्री तोंड उघडणार होते, पण थांबले. मटकन त्या ओंडक्यावरच बसले. म्हणाले, “म्हणजे तुझं बटण मी फिरवलं होतं. जानू, चूक याची एकट्याची नाही रे.”

तेव्हापासून त्या गिरणीत प्रत्येक ओंडक्यात आधी एक कोरा खिळा ठोकतात, यंत्र त्यावर वाजवून बघतात, तो खिळा काढतात आणि मगच तपासणी करतात. आणि सगळं झाल्यावर मिस्त्री आवाज खाली आणून उदयला विचारतात, “तुझ्या मनात काही आहे का?”

आपल्या घरात कुणीच कधी तक्रार करत नाही, असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी बटणावर हात कुणाचा आहे तेवढं एकदा पाहावं.

परवा असाच एक ओंडका तपासून झाला. यंत्र कुठेही वाजलं नव्हतं. उदय जरा घुटमळला आणि म्हणाला, “साफ आहे… पण मला भीती वाटतेय. परत एकदा बघू?”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जानू करवतीपासून बाजूला झाला होता.