तिकिटावरच्या लक्ष्मीची कहाणी

हातात अक्षता घ्या गं सगळ्याजणी, आणि फोन पिशवीत ठेवा. ऐका लक्ष्मीबाई, तुमची कहाणी. देवळातली नव्हे, तिकिटावर छापलेली.

एक आटपाट नगर होतं. तिथं राजा नव्हता, एसटीचा स्टँड होता. स्टँडाच्या भिंतीला लागून सोपान बसे. पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करी, उन्हाळ्यात कुलपांना किल्ल्या करी. त्याची बायको मथुरा. ती घरी पापड लाटी, शेवया करी. दोघांना एकुलती एक लेक, तिचं नाव इंदू. इंदूचं लग्न झालं, ती घाटाखाली नांदायला गेली.

तिच्या पाठवणीला मोटार मिळाली नाही. शेजाऱ्याचा टेंपो मिळाला. पुढं नवरा-नवरी बसली, मागं कपाट, गाद्या, भांडी बसली. सासरच्या दारात कुणीतरी हसलं. म्हणालं, सामानाबरोबर नवरी उतरली. म्हणणारा विसरला, इंदू विसरली. सोपान काही विसरला नाही.

मग काय झालं? इंदूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? मथुरेनं जुनी लुगडी काढली, दुपटी शिवायला बसली. सोपान म्हणाला, "या खेपेला लेकीला मोटारीनं आणणार. मोटारीला झेंडूची माळ लावणार. बघू कोण हसतं ते." मथुरा म्हणाली, "अहो, मोटारीला पैसे कुठले?" सोपान उठून कामाला गेला.

त्याच्या बसायच्या जागेसमोरच लॉटरीच्या तिकिटांचं दुकान होतं. तिकिटावर चंदेरी पट्टी असे. पट्टी नखानं खरवडायची, खाली आपलं नशीब बघायचं. वर लक्ष्मी छापलेली, कमळात बसलेली, हातातून नाणी सांडणारी. सोपाननं शुक्रवारी एक तिकीट घेतलं. खरवडलं, लागलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी घेतलं. खरवडलं, लागलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी दोन घेतली. मग मंगळवारही त्याला शुक्रवारासारखा दिसू लागला.

हसू नका. त्याला हाव नव्हती, हौस होती. पट्टी खरवडण्याआधी तो घटकाभर तसाच बसून राही. तेवढ्या वेळात त्याच्या मनीं मोटार दारात येई, इंदू खाली उतरे, सगळं गाव बघे. तुमच्या-माझ्यातही अशा घटकेला बसणाऱ्या आहेत, मला ठाऊक आहे.

तो रिकामी तिकिटं घरी आणी. मथुरा होती देवभोळी. तिला प्रश्न पडला, लक्ष्मी केरात कशी टाकायची? टाकली तर पायाखाली येईल. तिनं तिकिटं देवघरात ठेवली, हळदकुंकू वाहिलं. देवघर भरलं. मग बाळकृष्ण उठून मिठाच्या बरणीशेजारी गेला. मग अन्नपूर्णा उठून खिडकीत गेली. मग त्यांच्या रिकाम्या जागाही भरल्या. तेव्हा तिनं तांदळाचा डबा धुऊन पुसून घेतला आणि तिकिटं त्यात भरली. तांदूळ काय, आता वाटीतसुद्धा मावत होते.

पाचवा महिना लागला. इंदूचा फोन आला. "आई, मला कधी नेताय?" मथुरा म्हणाली, "नेऊ गं. आप्पांची मोटारीची जुळवाजुळव चालली आहे." सहावा महिना लागला. पुन्हा फोन आला. "आई, तुझ्या हातचं थालीपीठ खावंसं वाटतंय. कधी नेताय?" मथुरा म्हणाली, "नेऊ गं, लवकरच नेऊ." सातवा लागला. पुन्हा फोन आला. इंदू म्हणाली, "आई, बरी आहेस ना? आप्पा बरे आहेत ना?" एवढंच बोलली. कधी नेताय, ते या खेपेला विचारलं नाही.

मथुरेनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, सातवा सरत आला. आठव्यात लेकीला हलवत नाहीत. नवव्यात तिला घाट कोण चढवणार? एसटीनं जाऊ, घेऊन येऊ." सोपान म्हणाला, "एवढा शुक्रवार जाऊ दे."

मध्ये एकदा लागलंही होतं बरं का. थोडंच लागलं होतं. मथुरेनं देवापुढं साखर ठेवली, म्हणाली, एवढ्यात येणंजाणं सहज होईल. सोपान म्हणाला, मोटारीला कमी पडतात. त्या पैशांची त्यानं तिकिटं घेतली. तीही डब्यात गेली.

शेवटचा शुक्रवार आला. रविवारी आठवा लागणार होता. दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पायांवर धूळ, अंगावर विटकं पातळ. म्हणाली, "लेकी, मूठभर तांदूळ वाढ." मथुरेनं घाईघाईत डबा उघडला. हात घातला तर हाताला तिकिटं लागली. ती शरमली.

म्हातारीनं विचारलं, "हे काय गं?"

"लक्ष्म्या आहेत, आजी."

"शिजतात का?"

"नाही."

"बोलतात का?"

"नाही."

"मग त्यांचं करतेस काय?"

"जपते," मथुरा म्हणाली.

"बरं करतेस. आणि लेकीला कोण जपतं?"

मथुरा डबा मांडीवर घेऊन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली. म्हातारी तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मथुरेनं वाटीतले तांदूळ शिजवले, वर मेतकूट घातलं, तूप नव्हतं म्हणून तेल घातलं. दोघी एका ताटात जेवल्या.

मग मथुरेनं विचारलं, "आजी, तिकीट घेणं वाईट का?"

"वाईट कशाला? जत्रेत पाळण्यात बसतो, पैसे देतो, पोटात गोळा येतो, मजा येते. खाली उतरल्यावर पाळण्याला कुणी विचारतं का, की लेकीला आणायला केव्हा जाऊ?"

"पण लागतं ना कुणाला?"

"लागतं एखाद्याला. छापणाऱ्याला रोज लागतं."

"आणि लक्ष्मी असते ना त्यात?"

म्हातारी हसली. "तिला विचारून कुणी छापत नाही गं."

मथुरेनं हात जोडले. "आजी, मला एखादा वसा सांगा." म्हातारी म्हणाली, "ऐक. शुक्रवारी पैसा हातात घ्यावा. हा कुणासाठी, असं मनाला विचारावं. ज्याच्यासाठी असेल त्याच्याकडे त्याच दिवशी निघावं. थोडं असेल तर थोडं न्यावं. काही नसेल तर नुसतं जावं. उतायचं नाही, मातायचं नाही, आणि आपल्या माणसाला वाट बघायला लावायचं नाही." मग तिनं पदर पसरला. "आण ती तिकिटं. तुझ्यानं टाकवत नाहीत, मी नेते." मथुरेनं डबा पदरात रिकामा केला. म्हातारी चालू लागली. तुम्हाला वाटेल, मागं डबा तांदळानं भरला. नाही भरला. रिकामाच राहिला, पण त्यात आता तांदूळ ठेवता येणार होते. म्हातारी कोण होती, ते तुम्हाला कळलं. मथुरेला नाही कळलं, तिला पिशवी भरायची होती.

सांजेला सोपान आला. हातात नवं तिकीट होतं. बघतो तर बायको पायात चपला घालून बसलेली.

"अगं, कुठं निघालीस?"

"इंदूला आणायला. शेवटची गाडी आहे, चला."

"थांब, एवढं खरवडू दे."

"खरवडा की. लागलं तर मोटारीनं जाऊ, नाही लागलं तर एसटीनं जाऊ. पण जायचं आजच."

सोपाननं तिकिटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग त्याला पहिल्यांदा कळलं, की खाली काहीही निघालं तरी जायचं तिथंच आहे. स्टँडावर पोचल्यावर त्यानं तिकीट तसंच दुकानदाराला परत दिलं. दुकानदारानं पैसे काही परत दिले नाहीत. गाडी हलत होती, ती दोघांनी पळत पकडली.

मुक्काम घाटाखाली पडला. विहीणबाईंनी पिठलंभात वाढला, म्हणाल्या, "आम्हीच म्हणत होतो, कधी येता." सकाळी त्यांनी सुनेची ओटी भरली. सोपान म्हणाला, "इंदू, तुझं सामान भरून घे. आम्ही थांबतो." इंदू आत गेली आणि लगेच पिशवी घेऊन बाहेर आली. सोपाननं विचारलं, "एवढ्यात भरून झाली?" इंदू म्हणाली, "पाचव्या महिन्यापासून भरलेलीच आहे, आप्पा."

सोपानच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "पोरी, तुला मोटारीनं न्यायचं होतं गं."

इंदू म्हणाली, "मला वाटलं, मला न्यायचंच नाही तुम्हाला."

सोपाननं पिशवी खांद्याला लावली. कंडक्टरनं पुढची जागा दिली, ड्रायव्हरला सांगितलं, पोरीला दिवस गेलेत, दमानं चढव. घाटात इंदूला झोप लागली. तिचं डोकं बापाच्या खांद्यावर आलं. त्याचा हात अवघडला, मुंग्या आल्या, बधिर झाला. आटपाट नगर येईपर्यंत सोपान हलला नाही.

पुढं मुलगा झाला की मुलगी झाली, ते या कहाणीत नाही. इंदू वेळेवर माहेरी पोचली, हेच कहाणीचं फळ. लक्ष्मीबाई, जशी ती पोचली, तशा आम्हां ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांच्या लेकी पोचोत, आणि आमचीही वाट बघणारं कुणी असेल तर आम्हीही पोचू. साठ जणींनी सांगितली, पाच जणींनी ऐकली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा.