धाकोजींची पिसमाशी

त्यांचे संपूर्ण नाव धाकोजी लखमोजी भोई, आणि ही हकिकत घडली त्या वर्षी त्यांचे वय एकसष्ट होते. ते वर्ष नेमके कोणते, हे सांगू शकेल असा मनुष्य आता हयात नाही. घाटाच्या पायथ्याला धावडकोंड नावाचे चौतीस उंबऱ्यांचे गाव होते आणि त्या वर्षी तेथे टोळधाड उतरली होती, एवढे मात्र सर्व जण एकमताने सांगतात. टोळांनी तीन दिवसांत उभी पिके फस्त केली; चौथ्या दिवशी गावात हिरवे असे काही उरले नाही.

उरली ती नदी. गावाखाली तिचा एक अथांग डोह आहे; त्या भागात डोहाला कोंड म्हणतात. त्या कोंडात खडस मासे राहत. सोनेरी अंगाचे, तळहाताएवढ्या खवल्यांचे ते मासे माणसाच्या कमरेइतके लांब होत, असे म्हणतात. तळाशी खडकांचे सुळके असल्यामुळे तेथे जाळे टिकत नसे. गळाला कोणताही किडा, जिवंत वा मेलेला, लावण्यास काठावरच्या कोंडजाई देवीची मनाई होती. एका जिवाचे आमिष दाखवून दुसरा जीव घेऊ नये, असा तेथील नेम. म्हणून धाकोजींचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पिठाच्या गोळीवर मासा धरीत आले होते. आता गोळीपुरतेही पीठ कोणाच्या घरी नव्हते.

तेव्हा गावाने ठरवले की कोंडात गेळ घालावे. गेळाचे फळ कुटून पाण्यात टाकले की मासे गुंगून उलटे तरंगतात, आणि त्यांत नखाएवढी पिल्लेही सुटत नाहीत. गाव महिनाभर जेवले असते. मग कोंड कायमचा मुका झाला असता. घरोघरी साठवलेल्या वाळक्या फळांच्या नऊ टोपल्या देवळापुढे येऊन बसल्या. धाकोजींनी त्या पाहिल्या आणि ते राघोजी पाटलांपुढे उभे राहिले.

"सात दिस थांबा, पाटील," ते म्हणाले. "सात दिसांत मासा दिला न्हाई, तर गेळ मी माझ्या हातानं कुटीन."

किडा लावायचा नाही आणि पीठ नाही. मग किड्याचे सोंगच बांधावे, असे त्यांच्या मनाने घेतले. सोंगासाठीही जीव घ्यायचा नाही, म्हणून त्यांनी रानात गळून पडलेली पिसे वेचली. बाभळीच्या ठोकळ्याच्या खाचेत गळ अडकवला, सुताला मेण ओढले, आणि मोराचा हिरवा, नीलकंठाचा निळा, पोपटाचा लाल असे सारे रंग त्या बोटभर लोखंडावर गुंडाळले. ती पिसांची माशी उन्हात धरली तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे दिपले, असे म्हणतात. पण गावकरी ते गावकरीच. एकाने विचारलेच, "धाकूदादा, ही नथ गळाला कशाला? वहिनींच्या नाकात घाला की."

तीन दिवस ती नथ पाण्यावर नाचली. खडस खालून येत, तिच्याभोवती एक फेरी घालीत आणि निघून जात. चौथ्या दिवशी धाकोजी रिकाम्या हाताने परतले. त्यांची पत्नी ठकूबाई उंबऱ्यात बसली होती. तिने ती माशी तळहातावर घेतली, डोळ्यांसमोर धरली, आणि मग म्हणाली,

"आवो, ही तुमी आमच्या डोळ्यांसाठी बांधलीया. मासा काय झाडावर बसून बघतो व्हय?"

पाचव्या दिवशी सूर्योदयाला धाकोजींनी कमरेला धोंडा बांधला, पपईच्या वाळक्या देठाची लांब नळी तोंडात धरली आणि ते कोंडात उतरले. सूर्यास्तापर्यंत ते वर आले नाहीत, असे म्हणतात. खडस गुरांसारखे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि त्यांच्या खांद्यांना अंग घासू लागले. धाकोजींनी मान वर केली. सगळे आकाश ताटाएवढे गोल होऊन डोक्यावर ठेवले होते, आणि ताटाबाहेर पाणी आरशासारखे होते. त्या आरशावर एक किडा उतरला. त्याला रंग नव्हता. होते ते पायांची सहा टिंबे, सहा इवले खळगे, आणि मध्ये श्वासागणिक हलणारी एक सावली. साठ वर्षे ज्या पाण्यावर पोट भरले, ते पाणी आपण कधी पाहिलेच नव्हते, हे त्यांना तेव्हा कळले, आणि पाण्याखालीच त्यांचे डोळे भरून आले.

सहाव्या दिवशी ते पुन्हा ठोकळ्यापुढे बसले. या वेळी घेतले फक्त रानकोंबड्याच्या मानेचे एक राखी पीस. त्याचे तंतू असे उभारायचे होते की माशी टोकांवर तोलून पाण्यावर उभी राहावी. पण सूत जाड पडे आणि माशी बुडे. ठकूबाईने ते दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा आपल्या अंबाड्यातला एक पांढरा केस उपटून त्यांच्या हाती दिला. त्या केसाने माशी बांधली गेली.

सातव्या दिवशी सारा गाव काठावर जमला. टोपल्यांशेजारी मुसळ आणून ठेवले होते. ती मळकट माशी पाहून लोक हसले; खरकट्यावरची दिसते, असे कोणी तरी म्हणाले. धाकोजींनी काठी फिरवली. माशी पाण्याला टेकण्याआधीच आभाळातून एक पाकोळी झेपावली आणि तिला चोच मारून गेली. हसणे थांबले.

"पाखरू फसलं," पाटील हळूच म्हणाले.

"ते वरून फसलं, पाटील. खालच्याचं बघायचं हाय अजून."

माशी सहा पायांवर उभी राहिली. तिने श्वास घेतला, असे पाहणाऱ्यांनी शपथेवर सांगितले आहे. मग कोंडाचे पाणी फुगले, फुटले, आणि त्यातून सूर्यासारखा एक खडस वर आला. त्याला काठावर घेण्यास दुपार झाली. त्या संध्याकाळी चौतीस चुली पेटल्या. हरभरा हाती येईपर्यंत रोज एकच मासा निघाला. दुसऱ्यासाठी धाकोजींनी काठी कधी उचलली नाही.

त्यांचा देह पुढे वीस वर्षांनी पडला. तेव्हा त्यांच्या पागोट्यात खोचलेली ती राखी माशी उडाली आणि कोंडाच्या दिशेने गेली, असे म्हणतात.

अजूनही टोळ उतरल्याच्या तिथीला धावडकोंडात प्रत्येक घर गळून पडलेले एक पीस आणते, घरातली सर्वांत वृद्ध स्त्री आपला एक पांढरा केस देते, आणि बिनगळाची माशी बांधून पाण्यावर सोडतात. बांधणाऱ्याने ती सोडण्याआधी पाण्यात बुडी मारून खालून पाहायची, असा दंडक आहे. गेळाच्या त्या नऊ टोपल्या देवळामागे खोल पुरल्या. त्या वर्षानंतर त्या कोंडात कोणीही गेळ घातलेले नाही.