बकूची बारी

एका गावात भागुजी नावाचा एक भोळा बाप होता. भोळा किती, तर कुणी "जरा थांब" म्हणालं की "आता चल" म्हणेपर्यंत तिथंच उभा. त्याला बकू नावाची एकच मुलगी. साडेतीन वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. तिला ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. पण दुसरी पोरं गोष्टीला हुंकार द्यायची, तेव्हा ही नुसती टकामका बघायची. भागुजीला तिच्या तोंडून एकदा "आबा" ऐकायचं होतं. त्यासाठी तो कुणी सांगेल ते करायला तयार होता, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

अंगणवाडीच्या शैलाताई नुकत्याच तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. तीन दिवसांत त्यांना लहान मुलांविषयी सगळं कळलं होतं. त्यांनी भागुजीला चित्रांचं एक पुस्तक दिलं.

"रोज पोरीला वाचून दाखवा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

भागुजी वाचायला बसला. आधी पुस्तकाचं नाव वाचलं, मग छापखान्याचा पत्ता, मग फोन नंबर, एकेक आकडा सुटा करून. गोष्टीतलं कासव बाजाराला निघायच्या आधीच बकू झोपली. भागुजीनं झोपलेल्या पोरीला उरलेली सोळा पानं वाचून दाखवली, आणि मागच्या पुठ्ठ्यावरची किंमतही सांगितली.

"अहो, नुसतं वाचू नका," ताई म्हणाल्या. "बोट ठेवा, 'हे काय?' विचारा आणि नाव सांगा."

"कशावर बोट ठेवू?"

"समोर दिसेल त्यावर."

दुसऱ्या दिवशी सासरे आले. तेच समोर दिसले. भागुजीनं बकूला मांडीवर घेतलं आणि सासऱ्यांच्या नाकावर बोट ठेवलं.

"बकू, हे काय? ही चामखीळ." मग बोट वर गेलं. "हे काय? हे टक्कल." मग खाली आलं. "हा दात. आणि हितं दुसरा हुता."

सासरे चहा न घेता उठले. भागुजीच्या बायकोनं, हौसानं, दोन दिवस अबोला धरला. म्हणजे घरात न बोलणाऱ्या आता दोघी झाल्या.

"माणसाच्या अंगाला बोट लावतात होय, भागुजीभाऊ?" ताई म्हणाल्या. "मन ओळखायचं. समोरचा चिडला असेल तर रागाला नाव द्यायचं. 'तुला राग आलाय ना?' म्हणायचं आणि मिठीत घ्यायचं. राग पळून जातो."

भागुजी राग शोधत हिंडला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. पाटलांचा टकरीचा एडका दावं तोडून गावात शिरला होता. शहाणी माणसं पारावर चढली. भागुजीनं मात्र रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले.

"तुला राग आलाय, व्हय ना? ये जवळ."

एडका आला.

राग काही पळाला नाही. भागुजी मात्र बराच लांब गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "हाडं शाबूत आहेत, पोटाला मुका मार आहे. दुखणं थांबेपर्यंत लेंग्याची नाडी सैल बांधत जा." भागुजीनं त्या दिवसापासून नाडी सैल बांधली.

ताई विचारपूस करायला घरी आल्या. तिथंही त्यांच्याकडे एक सल्ला शिल्लक होताच.

"एडक्याला काय मिठी मारता? पोरीशी खेळा. खेळात ती पुढं, तुम्ही मागं. ती करेल तेच करायचं."

बकूला लपंडाव आवडायचा. ती पळत जाऊन कणगीमागं लपली. भागुजीनं ते पाहिलं आणि तो कडब्याच्या गंजीत लपला. आता शोधणारं कुणीच उरलं नाही. बकूनं थोडी वाट पाहिली, कंटाळून बाहेर आली, भाकरी खाऊन झोपली. भागुजी गंजीतच. संध्याकाळपर्यंत गावानं त्याला हुडकलं, विहिरीत गळ टाकले. हौसाचा हंबरडा त्याला गंजीत ऐकू येत होता. त्याला वाईटही वाटलं, पण खेळ मोडायचा कसा? शेवटी शेळीनं कडबा खाता खाता त्याचा पाय उघडा पाडला.

शैलाताईंनी कपाळाला हात लावला.

"दोघं एकदम लपतात का? एकानं लपायचं, दुसऱ्यानं शोधायचं. बोलण्याचंही तसंच. बारी-बारीनं. एकाची बारी पुरी झाल्याशिवाय दुसऱ्यानं मधे पडायचं नाही. कळलं?"

"कळलं," भागुजी म्हणाला. आजवर त्याला न कळलेलं असं काहीच नव्हतं.

महिनाअखेरीस तालुक्याच्या मोठ्या बाई तपासणीला आल्या. एका पालकानं पोराला पुस्तक वाचून दाखवायचं होतं. बाकीच्या पालकांनी माना खाली घातल्या, म्हणून भागुजी उठला. अर्धा गाव जमला होता. हौसा पहिल्या रांगेत होती. बकू सतरंजीवर, बापाच्या अगदी पायाशी.

भागुजीनं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. पुस्तकाचं नाव झालं, पत्ता झाला, फोन नंबर झाला. कासव बाजाराला निघालं, आणि लेंगाही हळूहळू खाली निघाला.

बकूनं वर पाहिलं. इतकी वर्षं तिला बोलण्यासारखं काही दिसलं नसावं. आज दिसलं.

"आबा."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलाताईंनी मोठ्या बाईंचा हात धरला. भागुजीनं पुस्तकामागूनच बोट वर केलं.

"थांब. माझी बारी हाय."

"आबा, लेंगा."

"मधी पडायचं न्हाई."

"आबा, लेंगा सुटला."

सुटला तो पडला. हौसानं रडत रडतच तोंडावर पदर घेतला. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पोरं हसून लोळली. भागुजी ढळला नाही. त्यानं कासवाला बाजारातून घरी आणलं, मागचा पुठ्ठा वाचला, "किंमत पंचेचाळीस रुपये, सर्व हक्क राखीव," आणि पुस्तक मिटलं.

"हां. आता तुझी बारी. बोल, बकू."

बकूचं सांगून झालं होतं. ती टकामका बघत बसली.

भागुजीनं खूप वाट पाहिली. मग तसाच, लेंग्यात अडकत, तो शैलाताईंपाशी गेला.

"ताई, तुमी सांगितलं ते समदं केलं," तो म्हणाला, "पण पोरगी काय बोलंना."