भंगार कशाला म्हणावं?

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या तारळेकरबाईंनी सोसायटीच्या अंगणात वडिलांची जुनी मोटार दुरुस्तीला काढली. कार्बोरेटर जुन्या बाजारातला, दार भलत्याच गाडीचं. इंजिन गुरगुरायचं, पण गाडी जागची हलायची नाही.

अध्यक्ष मुरुडकरांना नोटिसा काढायचा भारी सोस. रविवारी ऐन फाटकात खुर्ची टाकून त्यांनी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, "जे चालत नाही, जागा अडवतं आणि फुकटचा आवाज करतं, ते भंगार समजून आज बारा वाजता उचललं जाईल!" भंगारवाल्याचा टेम्पोही बाहेर येऊन उभा होता.

बाईंनी गिअरचा शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली, डौलात फाटकापर्यंत आली आणि अध्यक्षांच्या खुर्चीपुढे थांबली.

"बंद करा ते डबडं! माझ्या परवानगीशिवाय ते बाहेर जाणार नाही!" अध्यक्ष ओरडले.

बाईंनी काच खाली केली. "अध्यक्षसाहेब, गाडी तर चालली. आता ज्यांचं इथे काही चालत नाही, जे जागा अडवून बसलेत आणि फुकटचा आवाज करताहेत, त्यांनी लवकर उठावं. टेम्पोवाल्यानं तुमची नोटीस नीट ऐकलीय."