पहिली घागर

त्या उन्हाळ्यात वाडीतल्या सगळ्या विहिरी आटल्या, फक्त अहरोनरावांच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी राहिलं. त्यांनी ती सगळ्यांना मोकळी केली, म्हणून वाडी तगली. म्हातारी सलोमीआजी रोज तिथून दोन घागरी आणायची आणि त्यांना मनापासून दुवा द्यायची.

पण एका रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीची वेळ आली, तेव्हा अहरोनराव ताडकन उठले. पाळकांना म्हणाले, "देवाचे आभार नंतर. आधी माझे माना, नाहीतर उद्यापासून माझ्या विहिरीवर कुणी यायचं नाही."

सलोमीआजी उभी राहिली.

"अहरोना, आधी तुझेच मानते रे बाबा. फक्त एवढं सांग, त्या विहिरीत पहिली घागर तू ओतलीस का?"

सगळे हसले. अहरोनराव मात्र ओशाळून गुडघ्यांवर आले. "नाही, आजी. ज्यानं भरली, त्याचे आभार मानायचं मीच विसरलो."

आजी त्यांच्याशेजारी टेकली. "देवा, पाण्यासाठी तुझे उपकार. आणि ते एकट्यानं न पिणाऱ्या या अहरोनासाठीही तुझे उपकार."

सगळी वाडी 'आमेन' म्हणाली. अहरोनरावांचं 'आमेन' तेवढं जरा उशिरा आलं, कारण ते आधी डोळे पुसत होते.